दूध तुटलेल्या वासरांचा पूरक आहार : अग्नी, सात्म्य आणि मात्रा

प्रस्तावना

तालुक्याच्या ठिकाणी औषधविक्री करणाऱ्या आपल्या अनेक बांधवांकडे मनुष्यांच्या औषधांबरोबर पशूंसाठीची आयुर्वेदीय उत्पादनेही असतात. वासराचे दूध तुटले, ते वाळू लागले, केस राठ झाले, की पशुपालक प्रथम दुकानात येतो आणि ‘वासराला ताकदीचे काहीतरी द्या’ अशी मागणी करतो. वैद्यांकडेही असे प्रश्न येतात. अशा वेळी फळीवरील बाटली काढून देणे सोपे असते. परंतु त्या वासराला खरोखर कशाची उणीव आहे, याचा विचार त्यात बहुधा होत नाही. स्तन्यापनयनानंतरच्या पहिल्या काही आठवड्यांत वासराला काय द्यावे, कोणत्या क्रमाने द्यावे आणि काय देऊ नये, याची मांडणी आम्ही प्रस्तुत लेखात संहितोक्त सिद्धांत व आधुनिक पशुपोषणशास्त्र या दोहोंच्या आधारे करीत आहोत.

एक मर्यादा आरंभीच स्पष्ट करणे आवश्यक आहे. भारतीय पशुवैद्यक परिषद अधिनियम, 1984 अन्वये पशूंची चिकित्सा करण्याचा अधिकार नोंदणीकृत पशुवैद्यकांना आहे. बी.ए.एम.एस. पदवी हा अधिकार देत नाही. म्हणून पुढील विवेचन आहार, पथ्यापथ्य आणि दुकानात द्यावयाचा योग्य सल्ला यांपुरते आहे. रुग्ण वासरू पशुवैद्यकाकडेच गेले पाहिजे.

विषयाची व्याप्ती

दुग्धव्यवसायात संकरित गाईचे वासरू जन्मतःच किंवा थोड्याच दिवसांत मातेपासून वेगळे करून त्याला भांड्याने दूध पाजले जाते. अमेरिका, कॅनडा, ऑस्ट्रेलिया आदी देशांत मांसोत्पादनासाठी पाळलेल्या गाईंची पद्धत वेगळी आहे. तेथे वासरू कुरणावर मातेबरोबरच राहते, सुमारे सहा ते आठ महिन्यांचे होईपर्यंत आचळातून दूध पिते आणि नंतर एकाएकी वेगळे केले जाते. पुष्कळदा लगेच त्याची लांबच्या प्रवासाने विक्रीही होते. दूध, माता, कळप, परिचित चारा व पाणी हे सर्व एकाच दिवशी सुटल्यामुळे तेथे या काळातील श्वसनविकार व मृत्यू ही मोठी समस्या ठरली, आणि म्हणूनच या अवस्थेतील पोषणावरील बहुतेक संशोधन त्या देशांत झाले.

महाराष्ट्रात 2015 पासून संपूर्ण गोवंशाच्या हत्येस बंदी आहे. त्यामुळे येथे गाईचे वासरू बैल अथवा पैदाशीची कालवड म्हणूनच वाढविले जाते. परंतु खिल्लार, देवणी, लाल कंधारी, डांगी, गवळाऊ या आपल्या देशी गाईंची वासरेही मातेच्या आचळालाच दीर्घकाळ पितात आणि पुष्कळदा बाजारात विकताना किंवा गाय पुन्हा गाभण राहिल्यावर अचानक तोडली जातात. उद्देश भिन्न असला तरी शरीरक्रिया एकच आहे. म्हणून तेथील अनुभव आपल्या गोऱ्ह्यांना व कालवडींना, तसेच म्हशीच्या दुर्लक्षित रेडकांना उपयोगी पडतो.

संहितोक्त आधार

सुश्रुताचार्यांनी बाल्यावस्थेचे क्षीरप, क्षीरान्नाद व अन्नाद असे तीन भाग केले आहेत. वासराच्या जठराचा विकास पाहिला असता ही विभागणी तेथेही चपखल लागू होते. जन्मतः वासराचे चौथे जठर, म्हणजे खरे पोट, हेच सर्वांत मोठे व कार्यक्षम असते. कोटीपोट लहान व निष्क्रिय असते. ही क्षीरप अवस्था. दुसऱ्या-तिसऱ्या आठवड्यापासून वासरू गवत-खुराक हुंगू, चघळू लागते, कोटीपोटात सूक्ष्मजीव वसतात आणि त्याच्या भित्तीवरील अंकुर वाढू लागतात. ही क्षीरान्नाद अवस्था. पूर्ण रवंथ करणाऱ्या प्रौढ जनावरात चारही कप्प्यांच्या एकूण धारणशक्तीपैकी सुमारे 80 टक्के भाग एकट्या कोटीपोटाचा असतो. ही अन्नाद अवस्था होय.

वाग्भटाचार्यांनी अष्टांगहृदयाच्या उत्तरस्थानात दात आल्यावर बालकास क्रमाक्रमाने स्तन्यापासून दूर करावे असे सांगून लघु व बृंहण अन्नाचा, तसेच प्रियाल, ज्येष्ठमध, मध, लाह्या व खडीसाखर यांच्या मोदकाचा निर्देश केला आहे. येथे ‘क्रमाक्रमाने’ हा शब्द महत्त्वाचा. चरकाचार्यांनी सूत्रस्थानाच्या सातव्या अध्यायात हाच विचार पादांशिक क्रमाच्या रूपाने सांगितला. जुने सात्म्य एकदम न सोडता चतुर्थांशाने सोडावे, नवे चतुर्थांशाने स्वीकारावे आणि मध्ये दिवसांचे अंतर वाढवीत न्यावे. कोटीपोटातील सूक्ष्मजीवांना नव्या आहाराशी जुळवून घेण्यास दोन ते तीन आठवडे लागतात, हे आजचे ज्ञान त्या क्रमाला पुष्टीच देते. वासराचा अग्नी मोठ्या अंशी या सूक्ष्मजीवांच्या आश्रयाने राहतो, असे आम्हास म्हणावेसे वाटते.

कौटिलीय अर्थशास्त्रातील गोऽध्यक्ष प्रकरणही या संदर्भात पाहण्यासारखे आहे. तेथे बैलांसाठी गवत, पेंड, कोंडा व मीठ यांची प्रमाणे दिली आहेत. गोपालकांना वेतन रोखीने द्यावे, दुधा-तुपाच्या रूपाने दिल्यास ते वासरांना उपाशी मारतील, असा व्यवहारी इशाराही तेथे आहे. शिशिर, वसंत व ग्रीष्म या चारा-टंचाईच्या ऋतूंत एकच वेळ दोहन करावे असा नियम आहे. वासराच्या वाट्याचे दूध विकले गेल्यास पुढे कोणतेही औषध ती उणीव भरून काढीत नाही, हे त्या काळीही माहीत होते.

दूध तुटल्यावर नेमके काय घडते?

मातेपासून तोडलेले वासरू दोन-तीन दिवस हंबरते, फिरत राहते आणि अल्प खाते. संशोधनात असे आढळले आहे, की तोडून प्रवास घडलेली वासरे पहिल्या आठवड्यात आपल्या वजनाच्या केवळ 0.5 ते 1.5 टक्के एवढेच शुष्क खाद्य घेतात. दुसऱ्या आठवड्यात हे प्रमाण 1.5 ते 2.5 टक्क्यांवर येते. म्हणजे 100 किलोचे वासरू, ज्याला सुमारे अडीच ते तीन किलो शुष्क खाद्याची गरज आहे, ते पहिल्या आठवड्यात अर्धा ते दीड किलोच खाते. याच काळात ताणामुळे व्याधिक्षमत्व घटलेले असते.

यातून पहिला निष्कर्ष निघतो. वासरू कमी खाते म्हणून जे थोडे खाते ते अधिक पोषक असावे. दुसरा निष्कर्ष असा, की भूक परत आणणे हेच पहिले पूरक होय. आणि तिसरा, ताण जेवढा कमी तेवढी भूक लवकर परतते. कॅलिफोर्निया विद्यापीठाच्या डेव्हिस येथील संशोधकांनी 2003 मध्ये प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात, ज्या वासरांना मातेपासून फक्त कुंपणाने सात दिवस वेगळे ठेवले, म्हणजे माता दिसत होती पण पाजू शकत नव्हती, ती वासरे पूर्णपणे दूर नेलेल्या वासरांपेक्षा कमी हंबरली आणि पुढील दहा आठवड्यांत त्यांचे वजन अधिक वाढले. आपल्या गोठ्यात गाय व वासरू यांच्यामध्ये बांबूचे कुंपण घालण्यास काहीही खर्च येत नाही. त्याच धर्तीवर, तोडलेल्या वासराला विकण्यापूर्वी सुमारे 45 दिवस घरीच नव्या आहारावर स्थिरावू देण्याची पद्धत तेथे रूढ आहे. बाजारात नेण्याच्या दिवशीच दूध तोडणे सर्वथा टाळावे.

आहारयोजना

सुमारे 100 किलो वजनाच्या, तीन महिन्यांहून मोठ्या व नियमित रवंथ करणाऱ्या वासरासाठी आम्ही पुढील मिश्रण सुचवितो (100 किलोस) :

मक्याचा भरडा 40 किलो, सोयाबीन पेंड 25 किलो, गव्हाचा कोंडा 32 किलो, खनिज मिश्रण 2 किलो, मीठ 1 किलो.

या मिश्रणात सुमारे 19 ते 20 टक्के प्रथिने येतात. याच्याबरोबर वाळविलेला लसूणघास व थोडा कडबा दिल्यास एकूण आहारातील प्रथिनांचे प्रमाण सुमारे 14 टक्के राहते. नव्याने दूध तुटलेल्या वासरांसाठी 13 ते 16 टक्के ही मर्यादा मानली जाते, तिच्यात ते बसते.

खुराकाचा पादांशिक क्रम असा ठेवावा :

दिवस 1 ते 3 : 300 ग्रॅम
दिवस 4 ते 7 : 600 ग्रॅम
दिवस 8 ते 11 : 900 ग्रॅम
दिवस 12 पासून : 1200 ग्रॅम

प्रत्येक दिवसाचा भाग दोन वेळांत विभागावा. शेण पातळ झाल्यास किंवा वासराने खुराक शिल्लक ठेवल्यास पुढची पायरी न चढता आधीच्या पायरीवर यावे. दूध तोडण्यापूर्वीच दोन-तीन आठवडे हाच खुराक थोडा-थोडा चाटावयास दिला असल्यास हा क्रम अधिक सुकर होतो. उत्तम वाळलेले गवत आणि स्वच्छ पाणी दिवसभर समोर असावे. आचळातून पिणाऱ्या वासराला पाण्याच्या द्रोणीची ओळख नसते, हे पुष्कळ पशुपालकांच्या ध्यानात येत नाही. पाणी न पिणारे वासरू खुराकही खात नाही.

पूर्वी ओला चारा मिळत नसलेल्या, केवळ कडब्यावर असलेल्या वासरांत जीवनसत्त्व ‘अ’ची उणीव संभवते, कारण जुन्या वाळल्या वैरणीत कॅरोटीन अत्यल्प उरते. रोज किलोभर हिरवा लसूणघास किंवा शेवग्याचा पाला ही उणीव स्वस्तात भरून काढतो. सुबाभूळही चालते, परंतु तीत मायमोसिन असल्यामुळे ती एकूण वैरणीच्या एक तृतीयांशाहून अधिक देऊ नये.

खनिजे व भस्मे : विशेष दक्षता

रसशास्त्राच्या अभ्यासकांनी या भागाकडे विशेष लक्ष द्यावे. भस्मांचे गुण आपणास ठाऊक आहेत, पण पशुपोषणात त्यांचे घटक मोजूनच विचार करावा लागतो.

शंख, कपर्दिक व प्रवाळ भस्मांत मुख्यतः चुना (कॅल्शियम) असतो. स्फुरद (फॉस्फरस) जवळजवळ नसतो. माती चाटणारे, चिंध्या चघळणारे वासरू पुष्कळदा स्फुरदाच्या उणिवेचे असते. त्याला केवळ कॅल्शियम दिल्यास दोहोंचे प्रमाण अधिकच बिघडते. ते साधारणपणे दीड ते दोनास एक असावे. अशा वासराला गव्हाचा कोंडा व समतोल खनिज मिश्रण अधिक उपकारक ठरते.

गोदंती हे मूलतः कॅल्शियम सल्फेट आहे. गंधक, गोदंती, कासीस अशा द्रव्यांतून आहारात गंधकाचे प्रमाण वाढले, तर कोटीपोटात विषारी वायू तयार होऊन मेंदूचा मृदुभाव, अंधत्व व झटके येऊ शकतात. खुराकप्रधान आहारात एकूण गंधक 0.3 टक्क्यांपेक्षा अधिक नसावे, असे मानले जाते. ‘रक्तशुद्धी’साठी वासराला गंधक चारणे म्हणूनच धोक्याचे आहे.

ताम्रभस्म अथवा मोरचूद वासरास कदापि आपल्या अंदाजाने देऊ नये. तांब्याची गरज आहारात प्रति किलो 10 ते 15 मिलिग्रॅम एवढीच असते आणि अतिरिक्त तांबे यकृतात साठत जाते. मेंढ्या तर याबाबत अधिकच नाजूक असतात. मंडूर-लोहाची गरज वैरण खाणाऱ्या वासराला सहसा पडत नाही, कारण वैरणीत लोह भरपूर असते. अतिरिक्त लोह उलट तांब्याच्या शोषणात अडथळा आणते. फिकट पापण्यांच्या वासरात लोहाची बाटली देण्यापूर्वी जंत व गोचिडांचा विचार करावा.

यावर उपाय म्हणजे भारतीय मानक आय.एस. 1664 नुसार बनविलेले खनिज मिश्रण, या वजनाच्या वासरासाठी दररोज सुमारे 25 ग्रॅम. वर दिलेल्या खुराकात ते आधीच मिसळलेले आहे. पुन्हा वेगळे देऊ नये. सेलेनियमयुक्त दोन उत्पादने एकाच वेळी विकू नयेत, कारण त्याची गरज व विषारी मात्रा यांतील अंतर फार थोडे आहे.

‘बी’ जीवनसत्त्वांच्या बाटल्यांविषयी एक शब्द. निरोगी, रवंथ करणाऱ्या वासराच्या कोटीपोटात ही जीवनसत्त्वे सूक्ष्मजीवच तयार करतात. म्हणून दीर्घकाळ न खाल्लेल्या किंवा आजारी वासराखेरीज इतरांना त्यांची नित्य आवश्यकता नसते.

वनौषधींचे स्थान

दीपन-पाचन ही आयुर्वेदाची बलस्थाने आहेत. दूध तुटल्यावर भूक मंदावलेल्या, पण ज्वर व अतिसार नसलेल्या वासराला सुंठ, जिरे, ओवा व सैंधव प्रत्येकी 5 ग्रॅम, थोड्या गुळाबरोबर, खुराकात मिसळून पाच ते सात दिवस द्यावे, असे आम्ही सुचवितो. हा उपयोग परंपरेवर आधारित आहे. वजनवाढीचे कार्य आहारच करतो, ही द्रव्ये केवळ मार्ग मोकळा करतात. गुळाचे प्रमाण 50 ग्रॅमपेक्षा अधिक नसावे. अधिक गूळ किंवा भरडा एकदम खाल्ल्यास कोटीपोटात आम्ल वाढून प्राणघातक अवस्था येते.

1 जानेवारी 2006 पासून युरोपीय संघाने वाढीसाठी पशुखाद्यात प्रतिजैविके मिसळण्यास बंदी केली. अमेरिकेत 2017 पासून मनुष्योपयोगी प्रतिजैविकांचा असा वापर थांबला. भारताने 2019 मध्ये पशुपालनातील कोलिस्टिनवर बंदी घातली. तेव्हापासून वनस्पतिजन्य खाद्यपूरकांना मोठी मागणी आहे आणि ही आपल्या शास्त्रासाठी संधीच आहे. परंतु ओवा, लसूण, कडुनिंब यांचे जंतुघ्न गुण कोटीपोटातील उपकारक जीवांनाही लागू होतात, हे विसरू नये. अल्प मात्रेत, अल्प काळ हाच नियम ठेवावा. तेल वा तूप यांचे एकूण प्रमाण आहाराच्या 5 ते 6 टक्क्यांपुढे गेल्यास तंतुमय वैरणीचे पचन मंदावते. म्हणून ‘बृंहण’ म्हणून वासराला पावशेर तेल पाजणे हितावह नाही.

विडंग, पळसबी, कंपिल्लक ही कृमिघ्न द्रव्ये प्रसिद्ध असली, तरी जंत निश्चित करून पशुवैद्यकाने सांगितलेले जंतनाशक देणे हाच सुरक्षित मार्ग आहे. पोट मोठे, पाय काडीसारखे व पाठ धारदार असे वासरू पाहून काश्यपसंहितेतील फक्क रोगाचे स्मरण होते. त्याच्या मुळाशी बहुधा जंत व अन्नाची उणीव असते.

अपथ्य

1. सरकी पेंड : गॉसिपॉल या विषारी घटकामुळे कोटीपोट पूर्ण कार्यक्षम होण्यापूर्वी देऊ नये. चार महिन्यांपर्यंत टाळावी.
2. बुरशी लागलेली शेंगदाणा पेंड, मका किंवा भिजलेला कडबा : अफ्लाटॉक्सिनचा परिणाम लहान वासरांवर तीव्र होतो.
3. युरियायुक्त खुराक व युरिया-गुळाच्या विटा : सहा महिन्यांखालील वासरास देऊ नयेत. मोठ्या वासरासही दूध तुटल्यावर लगेच नकोत.
4. ज्वारीचे कोवळे फुटवे : प्रुसिक आम्लामुळे विषबाधा होते.
5. कोंबडीखाद्य : त्यातील काही औषधी घटक इतर प्राण्यांस घातक असतात. घोड्यांस तर विशेषच.
6. जबरदस्तीने पाजणे : बाटलीने पाजताना मान उंच ओढल्यास द्रव फुफ्फुसात जातो. चूर्ण खुराकात देणेच श्रेयस्कर.

औषधविक्रेत्यांनी विचारावयाचे प्रश्न

बाटली देण्यापूर्वी पुढील सहा प्रश्न विचारावेत. यास दोन मिनिटे लागतात.

1. वासरू किती महिन्यांचे आहे आणि दूध कधी तुटले?
2. ते रवंथ करते का? पाणी पिते का?
3. रोज खुराक किती व कोणता?
4. जंतनाशक शेवटचे कधी दिले?
5. घटसर, फऱ्या व लाळ्या-खुरकूत यांचे लसीकरण झाले आहे का?
6. सध्या दुसरे कोणते खनिज किंवा टॉनिक चालू आहे?

आमच्या परिचयातील एका पशुपालकाने तीन खिल्लार गोऱ्ह्यांसाठी तीन प्रकारची टॉनिके विकत घेतली होती. तिसऱ्या प्रश्नाचे उत्तर ‘कडबा’ एवढेच आले. टॉनिकांवर महिन्याला जो खर्च होत होता तो त्यांनी पेंड व कोंड्याकडे वळविला, पशुवैद्यकांकडून जंतनाशक घेतले आणि पुढील दोन महिन्यांत गोऱ्ह्यांच्या अंगावर चकाकी आली. यात औषधाचे कौतुक नाही, ते अन्नाचे आहे.

पुढील लक्षणे आढळल्यास काहीही न विकता पशुवैद्यकाकडे पाठवावे : चोवीस तास अन्न वर्ज्य करणे, 104 अंश फॅरनहाइटच्या वर ज्वर, जलद श्वास व नाकातून घट्ट स्राव, शेणात रक्त, जबड्याखाली सूज, डाव्या कुशीची फुगी, अडखळत चालणे किंवा दृष्टी गेल्यासारखे वागणे. यांतील श्वसनलक्षणे दूध तुटल्यावरच्या पहिल्या तीन-चार आठवड्यांत अधिक दिसतात. एका दिवसाचा विलंबही वासरू दगावण्यास पुरेसा ठरतो.

उपसंहार

दूध तुटलेल्या वासरासाठी पूरकांचा क्रम आमच्या मते असा असावा : प्रथम शांतता व पाणी, नंतर उत्तम गवत, नंतर क्रमाने वाढविलेला प्रथिनयुक्त खुराक, त्यातच मोजून मिसळलेले खनिज मिश्रण आणि मीठ, व सर्वांत शेवटी, गरज असल्यास, दीपन-पाचन वनौषधी. हा क्रम उलटा झाला की पशुपालकाचे पैसे जातात, वासरू खुरटते आणि दोष मात्र आयुर्वेदाच्या माथी येतो.

खुरटलेला गोऱ्हा कमी ताकदीचा बैल होतो आणि खुरटलेली कालवड उशिरा माजावर येते. एका लहान शेतकऱ्याच्या घरी या दोन गोष्टींचा परिणाम पुढील कित्येक वर्षे राहतो. मागणी असलेली वस्तू न विकता योग्य सल्ला देणे व्यवसायास त्या दिवशी थोडे तोट्याचे वाटेल. परंतु तोच पशुपालक पुढच्या वेळी विश्वासाने आपल्याच दुकानाची पायरी चढेल. आपापल्या भागातील देशी गोवंशाच्या संगोपनाविषयी वाचकांनी केलेली निरीक्षणे वयासह, वजनासह व दिलेल्या आहाराच्या मोजमापासह नोंदवून ठेवावीत, अशी आमची विनंती आहे. अशा नोंदींतूनच या विषयावरील आपले ज्ञान पुढे जाईल.

इति शम्।